पुराची गोळी

बाबांनी बीपीच्या गोळीला नाव ठेवलं होतं, पुराची गोळी. वैनगंगेचं पाणी चढायला लागलं की सुरू, उतरलं की बंद. ब्रह्मपुरीचे डॉक्टर रोज घ्या म्हणून सांगून थकले.

काही वर्षांपूर्वी पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही बापलेक दोन दिवस शाळेच्या छतावर बसून होतो. तेव्हापासून धरणातून पाणी सोडल्याची दवंडी ऐकली की बाबांची छाती धडधडायची. तपासलं तर बीपी. "भेवानं होते ते, पूर गेला का जाते," असं बाबा म्हणत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. शाळेत पोरांना हृदयाचं काम शिकवणारी मी, घरात मात्र अडाणी!

बाबांना झटका आला तो ऐन वैशाखात. नदीच्या पात्रात टरबुजांचे वेल पसरलेले, पाणी घोट्याएवढं, आणि तिथेच वाळूत ते छाती धरून बसले. जीपमध्ये घालून नेलं, म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, पूर ओसरला तरी त्याची धास्ती शरीरात मुरते, बीपी मागे राहतं, म्हणून गोळी बाराही महिने. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

घरी येऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच बाबांचं पुन्हा सुरू.

"नदीत पाणी नाई, गोळी कायले?"

"मंग तुमच्या छातीले सांगा, नदी कोरडी हाय म्हणून."

नदी बघायला ते रोज सकाळी जायचे, उन्हाळ्यातसुद्धा. मी त्यांच्या चपला कपाटात कुलूपबंद केल्या. आधी गोळी, मग चप्पल. त्यांनी मला जेलर म्हटलं, अबोला धरला. एकदा तर हट्टाने ऊन चढल्यावर अनवाणी गेले आणि तापल्या वाळूतून नाचत परत आले. मी हटले नाही. शेवटी तेच गोळीसाठी हात पुढे करू लागले.

यंदा श्रावणात नर्सबाई घरी आल्या. बाबांचं बीपी छान निघालं. फुशारून म्हणाले, "आता हिचं पाहा, बाई." नर्सबाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"शाळेतून धावत आले ना," मी म्हटलं. पण टिनावर जोराचा पाऊस वाजला की माझीही छाती उडते, हे मला कधीचं ठाऊक होतं. त्याला मी थकवा म्हणत आले होते.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तू बी तं होतीस वो माय, त्या छतावर."

मला रडूच आलं. इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी चार वेळा तपासून मलाही गोळी लिहून दिली. दुसऱ्या सकाळी शाळेची घाई, आणि माझ्या चपला सापडेनात. दारात बाबा उभे होते, एका हातात पाण्याचा गिलास, दुसऱ्यात कपाटाची किल्ली.