सोलरवरचे बिबडे

आमच्या कोरीटच्या घरात दोन ठिकाणांहून वीज येते, आणि त्या दिवशी एकाही ठिकाणाहून येत नव्हती.

धाकटी बहीण रेखा सुरतहून बाळंतपणाला आली होती. सातवा महिना, सुजलेले पाय आणि बाहेर एप्रिल. लाइन गेली तरी तिचा पंखा थांबू नये म्हणून मी गच्चीवर सोलर बसवलं. जावईबापूंना शब्दच दिला होता. रोज सकाळी मी काच फडक्याने पुसायचो (बायकोच्या मते, स्वतःचा चष्मा मी इतका कधी पुसला नाही).

आणि नेमकी लाइन रात्रीपासून गेलेली. दुपारी बॅटरीही संपली. पंखा थांबला. रेखा पदराने घाम पुसत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी बटणं दाबली, वायरी हलवल्या, शेवटी मिस्त्रीला फोन लावला.

"भाऊ, पॅनेलवर ऊन पडी ऱ्हायनं का?" त्याने विचारलं.

"एप्रिल महिना शे, नंदुरबार जिल्हा शे, आनि तू माले इचारस, ऊन शे का?" मी फोनच ठेवला.

मग रागारागाने अनवाणी गच्चीवर गेलो आणि तापलेल्या स्लॅबवर नाचतच सोलरपाशी पोचलो. सोलर दिसेना! सगळ्या काचांवर वडिलांची जुनी धोतरं अंथरलेली, आणि त्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेले.

"माय!"

"वरडू नको," माय खालून म्हणाली. "पोरले बिबडा खावाना व्हतात. कितली साफ काच शे ती. आंगनमा कोंबड्या चोची मारतस."

"पन माय, ऊन काचले लागाले पायजे!"

"मंग बिबडाले काय लागाले पायजे?"

मी धोतरं ओढली. अर्धे ओले बिबडे फाटले, काही माझ्या हाताला चिकटले. मान खाली घालून मी ते चिंधड्या झालेले बिबडे खाली आणले. रेखाने त्यांवर कच्चं तेल घेतलं, मूठभर शेंगदाणे घेतले आणि एकदाची हसली.

"माले आसाच ओला आवडतस, दादा."

बॅटरी सावरायला वेळ लागणार होता. मी सोलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिला वारा घालू लागलो. खाता खाता ती झोपली. लहानपणी झोपायची तशीच, तोंड उघडं टाकून. मला तिथून उठवेना.

किती वेळाने कोण जाणे, माय पाणी घेऊन आली. तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंखा कव्हयना फिरी ऱ्हायना. तू काय करी ऱ्हायना रे?"

मी वर पाहिलं: पंखा खरंच फिरत होता, आणि मी अजून पुठ्ठा हलवत होतो.

संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. सोलर कसं चाललंय, म्हणाले.

"एकदम बेस शे, पाव्हनं," मी खांदा चोळत म्हटलं. "फक्त त्याना खांदा दुखी ऱ्हायना."