चुलीमागच्या नळ्या

“पत्ता चरबीत लिहिलेला असतो हो!” वडखळ नाक्यावर कुणी चुकीच्या एसटीत चढला की माझा मित्र म्हणायचा, “याचा पुसला गेला.” ऐकणारा बिचारा गोंधळून जायचा.

रोह्याच्या कॉलेजात तो जीवशास्त्र शिकवायचा, मी रसायन. यीस्टच्या पेशीत माल इवल्याशा पिशव्यांतून फिरतो आणि पिशवीने कुठे जायचं ते तिच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंवरून ठरतं, हे त्याने टपरीवर इतक्यांदा सांगितलं, की चहावालाही मान डोलवायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा वेडा असेलच.

त्याच्या यीस्टमध्ये तो पत्ताच बिघडलेला. गारव्यात ते जगायचं. उष्णता वाढली की पिशव्या आतच तुंबायच्या आणि पेशी मरायची. हा वाण त्याला मुंबईत संशोधन करताना सापडला होता. वडील गेले तेव्हा प्रबंध अर्धा टाकून तो गडब गावी आईकडे परतला. मुंबईतला साठा पुढे फेकला गेला. उरल्या त्याच्याकडच्या त्या यीस्टच्या तीन नळ्या. त्यांच्या जोरावर तो प्रबंध पुरा करणार होता.

एका हिवाळ्यात कॉलेजचा फ्रीज बिघडला. त्याने नळ्या घरी नेऊन माठाशेजारी ठेवल्या.

“आये, जित्या हायत. सांभाळ.”

“काय हाय रं यांच्यात?”

“पीठ फुगवतात ना, ते.”

मग त्याला कावीळ झाली. पेणच्या दवाखान्यात आई पेज घेऊन यायची. तो आधी विचारायचा, “नळ्या?”

“बऱ्या हायत.”

त्याला घरी सोडायला मीच गेलो. माठाशेजारी नळ्या नव्हत्या. चुलीमागच्या फळीवर, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या होत्या. “थंडी किती पडली! पीठ तरी फुगतं का थंडीत?” आई कौतुकाने सांगत होती.

मला ओरडावंसं वाटलं. त्याने एक नळी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत गोधडीत ठेवली.

“बरं केलंस गो आये.”

पुढे कॉलेजात त्याने त्यातलं थोडं नव्या तबकडीवर लावून पाहिलं. काही उगवलं नाही. आईला त्याने ते कधीच सांगितलं नाही. प्रबंधाचा विषयही पुन्हा काढला नाही.

पुढच्या पावसाळ्यात कावीळ उलटली आणि तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी गडबला गेलो. आई चुलीपाशी बसली होती. तिने उठून गोधडी सोडली, माझा हात धरून नळीवर ठेवला.

“बघ, ऊब हाय ना? जित्या हायत, सांभाळ म्हनला होता.”

काच कोमट लागत होती.

“बऱ्या हायत,” मी म्हणालो.