खालचा कागद

भिंतीवरच्या पोस्टरचा कोपरा निघालेला दिसला की मला अजून कळंबच्या आमच्या गल्लीतले ते काका आठवतात. ते रिटायर्ड शिपाई होते. कचेरीच्या नोटिसा गावोगाव चिकटवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. कागद कसलाही असो, अगदी जत्रेचा का असेना, सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबल्याशिवाय ते पुढं जात नसत.

कॉलेजच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर गेम खेळायचो, तेव्हा ते भाजलेल्या शेंगा घेऊन शेजारी बसायचे. गेममधलं जग बेचिराख झालेलं. ओसाड शहरात घरोघरी सांगाडे पडलेले आणि एका भिंतीवर सरकारी नोटीस होती. मी ती त्यांना मराठीत सांगितली, "हवा शुद्ध आहे. घर सोडू नका." मग एवढी माणसं मेली कशानं, हे मला चार दिवस उलगडत नव्हतं.

काकांनी सवयीनं स्क्रीनवर अंगठा टेकवला. "बापू, हितं कोपरा निघालाय. खाली जुना कागद हाय, त्यो वाच."

मी जवळ जाऊन वाचलं. "हवा विषारी आहे. शहर सोडा."

"म्हणजे सरकारला आधीच माहीत होतं!" मी ओरडलो.

काकांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

"एका गावात विहिरीवर म्याबी असंच केलं. 'पाणी पिऊ नका'वर 'पाणी चांगलं हाय' चिकटवलं. सायबानं सांगितलं, म्या खळ लावली."

मग स्क्रीनकडं बघत त्यांनी विचारलं, "ही वरची फाडता येत न्हाय का?"

"गेममध्ये तशी सोय नाही, काका."

"मला व्हती," ते म्हणाले.