आईच्या मठ्ठ्यातलं मीठ

आमच्या इंग्रजी शाळेच्या लॅबमध्ये सोडियम रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं असे. टीचर चिमट्याने त्याचा इवलासा तुकडा पाण्यात टाकायच्या आणि तो सैरावैरा धावत पेट घ्यायचा. आईच्या मेंदूत रक्तस्राव होईपर्यंत सोडियम म्हणजे माझ्यासाठी तेवढंच होतं.

तिच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटली होती. ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर आली, तिने मला "जेवली काय?" असंही विचारलं. पण काही दिवसांत ती पुन्हा मंदावत गेली. एका सकाळी माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "मॅडम, मले घरी जाऊ द्या ना." मी तिची एकुलती मुलगी.

"रक्तातलं सोडियम उतरतंय," डॉक्टर म्हणाले. "मेंदूला असा मार बसला की कधीकधी किडन्या मीठ धरून ठेवत नाहीत. लघवीतून मीठ जातं, मिठामागोमाग पाणी. आणखी उतरलं तर झटके येतील."

मी मोबाइलवर थोडं वाचलं होतं. "म्हणजे पाणी कमी द्यायचं?" मी हळूच विचारलं.

"काहींना तसंच करतो. ज्यांच्या अंगात पाणी साठलेलं असतं, त्यांना. रिपोर्टमधला आकडा अगदी सारखा असतो, इलाज उलटा. तुमच्या आईचं पाणी तोडलं तर मेंदूला रक्तच कमी पडेल."

हे कसं ओळखतात ते मी मग बघत बसले. ते आईची जीभ ओली आहे का बघत, नाडी धरत, मनगटावरची कातडी चिमटीत घेऊन सोडत. सिस्टर लघवीची पिशवी उजेडाकडे धरून मोजत आणि जितकं बाहेर गेलं तितकं सलाईनमधून आत जाईल असं बघत. मला राहून राहून नवल वाटायचं. डोक्यातल्या जखमेची खबर पार खाली किडन्यांपर्यंत जाते. माझं नाव, आमचं हुडकेश्वरचं घर, कोणत्या भाजीवाल्याशी तिचं भांडण आहे, हे सगळं आईच्या डोक्यात टिकून होतं ते चिमूटभर मिठाच्या आधारावर. आणि ते मीठ परत भरायचं तेही सावकाश. घाईने चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून जास्त मिठाचं सलाईन मशीनमधून थेंबाथेंबाने जाई आणि शिवाय सिस्टर मिठाच्या मोजलेल्या पुड्या देत, मठ्ठ्यात घालून पाजायला.

मठ्ठा पाजायचं काम मावशीचं. ती आईची मोठी बहीण, खाप्याहून आलेली. काका बीपीने गेले तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरातून मीठ जवळजवळ हद्दपार झालं होतं. तिच्याकडे जेवायला जायचं म्हणजे आई पर्समध्ये मिठाची डबी ठेवायची.

त्या दुपारी आईने अर्ध्यातच तोंड फिरवलं. मावशी ग्लास खाली ठेवून हात धुवायला गेली. माझ्या घशाला कोरड पडली होती, उरलेला मठ्ठा मी पिऊन टाकला. तो पूर्ण अळणी होता.

मावशी आली. मी नुसता ग्लास पुढे धरला. तिने पदराची गाठ मुठीत घट्ट केली. गाठीतून पुड्यांचे कागद दिसत होते.

"काहून पाहून राहिली तशी? मिठानंच घात केला ना हिचा बी? घरचा एक माणूस घालवला मी. आता बहिणीले हातानं जहर पाजू?"

"मावशी, तिच्यासाठी ते औषध आहे."

"तुले लय समजते वं! कालची पोरगी."

तेवढ्यात डॉक्टर आले. आकडा हलला नव्हता. "मठ्ठ्यातलं मीठ जातंय ना?" त्यांनी विचारलं. सिस्टरने मान डोलावली, तिने स्वतः पुड्या दिल्या होत्या. "म्हणजे गळती वाटली त्यापेक्षा जास्त आहे. सलाईनचा वेग वाढवू."

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. मावशीचे डोळे माझ्यावर होते. सिस्टरचा हात मशीनकडे गेला.

"थांबा. मीठ पोटात गेलेलंच नाही."

माझाच आवाज मला मोठा वाटला. मावशीने गाठ सोडून पुड्या पलंगावर ठेवल्या. "मीच चोर आहो, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी पुड्या बघितल्या, मग सिस्टरला मशीन तसंच ठेवायला सांगितलं. "वेग वाढवला असता आणि मग हे मीठही पोटात गेलं असतं, तर आकडा उसळला असता." मग मावशीकडे वळून म्हणाले, "बीपी आम्ही औषधांनी सांभाळतोय, मावशी. आज त्यांना मीठच हवंय. तुमच्याच हाताने द्या."

मावशीने पुडी फोडली. ग्लास मी धरला.

सोडियम हळूहळू चढलं, डॉक्टरांना हवं होतं तसंच. आई आधी नुसती बघायची. मग बघताना कपाळाला आठी पडायला लागली. मग एका सकाळी मठ्ठ्याचा घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"ताई," ती म्हणाली, "तुह्या घरी मीठ सापडलं वाटते शेवटी."

मावशी हसायला गेली आणि पदर तोंडात कोंबून तशीच उभी राहिली. आईने नजर माझ्याकडे वळवली.

"आन हे पोरगी काहून रडून राहिली? जेवली नाही काय?"