घरच्या माणसांचा विमा

लालबागला सुचित्रा घाडीगावकरच्या पोळीभाजी केंद्रात जाऊन 'कामाला किती बायका आहेत?' असं चुकून विचारलंत, तर पोळ्यांसोबत चार शब्द फुकट ऐकून यावं लागायचं. "कामाला कोणी नाही हो! सगळ्या घरच्याच!" तिची आई दादरला लोकांकडे स्वयंपाक करायची आणि जन्मभर 'कामवाली' म्हणूनच ओळखली गेली. म्हणून आपल्या तीन बायकांना तसं कोणी म्हटलेलं सुचित्राला खपायचं नाही. दिवाळीला स्वतःला जशी साडी, तशीच त्यांनाही. तोंडाने तोफ, पण मन मोठं. खोटं कशाला बोला?

मध्यंतरी मागच्या गल्लीत एका फरसाणवाल्याकडे तेलाचा भडका उडाला. दुकानाची भरपाई विम्यातून आली. हात भाजलेला कारागीर मात्र गावी जाऊन बसला, त्याची कोणी चौकशीही केली नाही. ते सुचित्राच्या कानावर आलं. तिच्या मोठ्या तव्यापाशी रोज तिघींतली कांतामावशी उभी असते, साठीला आलेली. तिला काही झालं तर? सुचित्राने माटुंग्याच्या हितेंद्रला, ओळखीतल्या विमा एजंटला, बोलावून घेतलं.

"आग, पाणी, चोरी, मशीन, सगळं एकत्र देतो ताई," हितेंद्र म्हणाला.

"पोळ्या कोण चोरतंय रे? चोरीचं काढ आधी. मावशीला भाजलं तर काय, ते बोल."

"त्याला वेगळा विमा लागतो, कर्मचाऱ्यांचा. पण तो घरच्यांना चालत नाही. मावशी तुमच्याकडे पगारावर कामाला आहेत, असं सांगावं लागेल."

"मी कांतामावशीला कामगार म्हणू? जीभ झडेल माझी!"

"मग राहू दे. भाजलं की तुम्ही मलम लावा," हितेंद्र शांतपणे म्हणाला आणि उठला. "विचार बदलला तर तिघींची पूर्ण नावं, वय आणि पत्ता कळवा."

आठवडाभर सुचित्रा कुढत राहिली. सांगावं तर मावशी दुखावणार, न सांगावं तर तो तवा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी एका दुपारी, बाकीच्या दोघी गेल्यावर, तिने धीर केला. "मावशी, रागावू नकोस हं. विम्यासाठी तुला कामगार म्हणून दाखवावं लागतंय."

कांतामावशी आधी बघतच राहिली, मग खो खो हसत सुटली. "अगं बाई, मग इतकी वर्षं मी इथे काय हळदीकुंकवाला येत होते? लिही की कामगार!"

"वाईट नाही ना वाटणार?"

"वाईट कसलं? कामगाराला रविवारची सुट्टी तरी असते. घरच्या बाईला कसली आलीय सुट्टी!"

मावशी हसतच बोलली होती, पण सुचित्राच्या ते बरोबर वर्मी लागलं. विषय बदलायला म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "पत्ता सांग. बीडीडी चाळ, वरळी. खोली नंबर काय गं?"

"चाळ कधीच सोडली. नव्या टॉवरात घर मिळालं ना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. नव्या घरात बुद्धवंदना ठेवली, त्या दिवसाची सुट्टी मागितली होती तुझ्याकडे. साखरपुड्याची ऑर्डर होती. तू म्हणालीस, मावशी, घरच्यांनीच हात वर केले तर मी कोणाकडे बघायचं? मग वंदना उरकून आले धावत."

सुचित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत आपण हिच्या घराची पायरीसुद्धा चढलो नाही, हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी तिने हितेंद्रला फोन केला. दुकानाला आगीचा विमा, चोरीचा नको, आणि तिघींचा, त्यांच्या पूर्ण नावानिशी, कर्मचारी म्हणून. रविवारी केंद्र बंद. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. "रविवारी घरी लाटा की जरा!" सुचित्राने त्यांना ठणकावलं.

पहिल्याच रविवारी ती मिठाईचा बॉक्स घेऊन कांतामावशीकडे गेली. मावशीने घर दाखवलं, गॅलरीतून दिसणारा समुद्राचा तुकडाही दाखवला. मग जवळ्याचं कालवण, भाकरी. सुचित्रा सवयीने भाकऱ्या थापायला उठली, तर मावशीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. सुचित्राला बरं वाटलं. आयतं, गरम असं ती कितीतरी दिवसांनी जेवत होती.

तेवढ्यात शेजारीण डोकावली. "कांताताई, ह्या कोण? तुमच्या घरच्या का?"

"नाही गं," मावशी ऐटीत म्हणाली, "ह्या माझ्या मालकीणबाई. माझा विमा काढलाय ह्यांनी. आज पहिल्यांदाच घरी आल्यात."

सुचित्राचे डोळे भरून आले. तिने नुसतं ताट पुढे केलं, आणि मावशीने तिला आणखी एक भाकरी वाढली.