पान नसेल तर तोंड बंद

मेडिकलच्या दुकानात एक गोष्ट बरी असते. औषधाची तारीख उलटली की कंपनी माल परत घेऊन जाते. किस्स्यांचं तसं नाही. ते कुणी परत घेत नाही, नुसते साठत जातात! आमच्या रविवारच्या बैठकीचे तर इतके साठलेत, की दुकानात गिऱ्हाईक खोकत उभं असतं आणि मी सिरपची बाटली हातात धरून एकटाच हसत असतो. बायको म्हणते, "एकदा कुणालातरी सांगून टाका, नाहीतर लोक दुसरं मेडिकल शोधतील."

तर ऐका. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की वरच्या खोलीत आम्ही पाच जण जमतो. सगळे कामधंद्यातले, सगळ्यांच्या मागं घरदार, आणि सगळ्यांना लिहायची खाज. मी स्वतः. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावचा संभाजी, त्याच्या घरच्या म्हशी आहेत. इचलकरंजीचा दत्ता, तो यंत्रमागाच्या शेडमध्ये शिफ्टला असतो. जयसिंगपूरच्या मोहिते मॅडम, त्या रोज एसटीनं कोल्हापूरच्या शाळेत येतात. आणि आमच्याच गल्लीतल्या नसीमाआपा. पेठेतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाऊज आपा शिवतात.

दर आठवड्याला प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं आणि वाचायचं, एवढंच ठरलं होतं. पण आणलं नाही तर काय? पहिल्यांदा ठरलं, त्यानं सगळ्यांना मिसळ खायला घालायची. झालं! पुढच्या रविवारी एकाच्याही हातात कागद नाही. दत्ता म्हणाला, "लिवण्यापरास मिसळ सोपी हाय की!"

तेव्हा आपा भडकल्या. "मिसळ बंद! ज्यानं पान आणलं न्हाय, त्यानं तोंड उघडायचं न्हाय. दुसऱ्यानं वाचलं की वा म्हणायचं न्हाय आणि चूक तर काढायचीच न्हाय. नुसतं बसायचं!"

अहो, कोल्हापूरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण समोरचा चुकतोय आणि आपण गप्प? पुढच्या रविवारी सगळ्यांची पानं हजर! संभाजीच्या पानावर चारच ओळी होत्या. अक्षरं मात्र दुकानाच्या पाटीवरची वाटावीत एवढी. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "पान म्हणलायसा. अक्षर केवढं, त्ये कुठं म्हणलायसा?"

* * *

दत्ताचं दुखणं वेगळंच. सगळ्यांना लिहायला शांतता लागते, ह्याला शांततेत घाम फुटतो. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं. शेडमध्ये धागा जोडता जोडता त्याला धडाधड सुचतं आणि घरी आला की डोकं बंद. मग पठ्ठ्यानं काय करावं? मागाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि घरी मोठ्यानं लावून लिहायला बसला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात. "काय हो वहिनी, घरात माग बसवला आणि पेढंसुदिक न्हाईत?"

दत्ताची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "माग कुठला! कादंबरी बसवलीया!"

आणि वाचताना? वाचतोही शेडमधल्याच आवाजात. एकदा त्याच्या गोष्टीत नायिका नायकाच्या कानाशी लागते. दत्ता खोली हादरवून ओरडला, "'कुणाला सांगू नकोस,' ती हळूच कुजबुजली!"

खालून रस्त्यावरून कुणीतरी उत्तर दिलं, "न्हाय सांगत! वाच पुढं!"

त्यानं खिडकी लावून घेतली. काही फरक पडला नाही.

* * *

संभाजीला बसून लिहायला सवडच नाही. पहाटे धारा, मग शेत, मग डेअरीला दूध, संध्याकाळी परत धारा. मोहिते मॅडमनी त्याला शिकवलं, मोबाइलला तोंडानं सांगायचं, तो आपोआप टाइप करतो. संभाजी खूश! धार काढता काढता त्यानं अख्खी प्रेमकथा सांगून टाकली आणि रविवारी वाटेत तिची प्रिंट काढून, एकदाही न बघता थेट वाचायला घेतली.

"चांदणं पडलं होतं. वैदेही गॅलरीत आली. विनयकडे बघून ती म्हणाली, ए, शेपूट आवर! विनय गहिवरला. त्याने तिचा हात हातात घेतला. पाय उचल की गं बया, बादली सांडतीस का आता! वैदेही लाजली…"

पोट धरून हसलो. संभाजी लालेलाल. कागद फाडायलाच निघाला होता, पण मॅडमनी हात धरला. म्हणाल्या, "थांबा. अहो, ह्या गोष्टीत खरी एकटी तुमची म्हैसच आहे. वैदेहीला जाऊ दे, हिचं लिहा."

आठवडाभर तो रुसून होता. पुढच्या रविवारी म्हशीवर पान घेऊन आला. काय लिहिलं होतं! आजारी म्हशीपाशी रात्रभर बसलेली त्याची आई, तिचं ते म्हशीशी बोलणं. आम्ही कुणीच हसलो नाही. तेव्हापासून विनय-वैदेहीचं नाव निघालेलं नाही.

* * *

मोहिते मॅडमना शाळेत पोरं, घरी पोरं, आणि मधे एसटी. म्हणून त्या एसटीतच लिहितात. खिडकीची जागा, मांडीवर दप्तर, दप्तरावर कागद. अक्षर खड्ड्याखड्ड्याला उडी मारतं, पण पान होतं.

हातकणंगल्याच्या एक मावशी परतीच्या गाडीत रोज शेजारी बसायच्या आणि मान वाकडी करून सगळं वाचायच्या. एक दिवस राहवलं नाही. "मॅडम, राग मानू नका. ह्या पोरीला त्या इंजिनिअरला देऊ नका. मला त्याचं लक्षण काय बरं दिसंना."

"मावशी, ही गोष्ट आहे."

"गोष्टीत झालं म्हणून काय झालं? पोरगी ती पोरगीच!"

दुसऱ्या दिवसापासून मावशी खिडकीच्या जागेवर रुमाल टाकून ठेवायला लागल्या. मॅडम चढल्या की हुकूम, "बसा. लिवा." मॅडम शाळेतले पेपर तपासून दमल्या असल्या तरी सुट्टी नाही! मग मॅडम मावशींना वाचून दाखवू लागल्या, तसे मागचे-पुढचेही ऐकायला लागले. शेवटी तर कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली आणि मागं वळून म्हणाला, "मॅडम, हातकणंगलं आलं, मावशीस्नी उतरायचंय. तेवढं लगीन मोडून टाका की पटकन!"

मोडलं. मावशी समाधानानं उतरल्या.

* * *

आता माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतोय.

काउंटरवर गर्दी असली की मला हटकून सुचतं. आमच्या धंद्यात औषधाच्या पाकिटावर डोस लिहून द्यायची पद्धत. एकदा ऐन गर्दीत एक वाक्य सुचलं, हाताशी पाकीट होतं, त्यावरच लिहून टाकलं. मग गडबडीत त्याच पाकिटात गोळ्या भरल्या, डोस लिहिला, आणि दिल्या एका आजोबांना.

तासाभरात आजोबा परत. चष्मा लावून पाकीट काउंटरवर ठेवलं. "सकाळ-संध्याकाळ समजलं. जेवणानंतर समजलं. पण ह्ये खाली काय लिवलंय बगा, 'तिला पाहताच छातीत धडधडू लागलं.' ह्ये गोळी घेतल्यावर हुणार हाय, का घेतली न्हाय तर?"

मी घाम पुसतोय. बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही गोळी घ्या निवांत. धडधडीचं मी बघते!"

आता काउंटरवर माझ्यासाठी कोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. तिनंच आणून ठेवलाय. वर बजावलंय, लिहा, पण पाकिटाला हात लावू नका.

* * *

राहिल्या आपा.

आमच्यात खरी लिहिणारी कोण विचाराल, तर आपा. त्यांची एक मोठी गोष्ट चालू होती. रेहाना नावाची सून. सगळ्यांचं करता करता कंटाळलेली. एक दिवस सकाळी पिशवी उचलून घराबाहेर पडते आणि एसटी स्टँडवर येऊन उभी राहते. बस लागायची असते. आपांनी इथवर वाचलं आणि कागद मिटला. आम्ही ओरडलो, "पुढं?" म्हणाल्या, "पुढच्या रविवारी."

त्याच आठवड्यात त्यांच्या सासूला, अम्मांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. अम्मांचं अंघोळपाणी, औषध, भरवणं, वर लगीनसराईचे ब्लाऊज. पान कुठनं येणार? आपा रविवारी यायच्या आणि स्वतःच केलेल्या नियमानं गप्प बसायच्या. आम्ही म्हटलं, आपा, तुम्हाला सूट. त्यांनी मानेनंच 'नाही' सांगितलं.

गप्प म्हणजे तोंडानं गप्प. हात चालूच. ब्लाऊजला हूक लावत ऐकायच्या. कुणाचं वाक्य फसलं की दातानं दोरा तोडायच्या, टच्! आम्ही एवढे सरावलो, की आवाज आला की वाचणारा पेन काढून ते वाक्य खोडायचा. दत्ता एकदा म्हणाला, "आपा बोलत हुत्या तवा बरं हुतं. आता पानभर वाचलं की चारच ओळी उरत्यात!"

पण रेहाना स्टँडवरच. ईद झाली, गणपती झाले, तरी बाई पिशवी घेऊन उभीच. आम्हालाच तिची काळजी वाटायला लागली होती.

एक दिवस आपा अम्मांच्या गोळ्या न्यायला दुकानात आल्या. गोळ्या पिशवीत टाकल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "अण्णा, रविवारपासनं मी येत न्हाय. नुसतं गप्पच बसायचं तर घर काय वाईट हाय? आणि ती गोष्ट आता काय माझ्याच्यानं पुरी हुत न्हाय."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आमच्या पाचांत एकीच्याच हातात खरी जादू, आणि तीच बाई सुई-दोऱ्यात आणि औषधपाण्यात संपून जाणार?

संध्याकाळी मी सगळ्यांना फोन केले. संभाजी म्हणाला, "त्या येत न्हाईत तर आपुन जाऊ की! बैठक काय खोलीला चिकटलीया व्हय?"

* * *

रविवारी आम्ही चौघं आपांच्या दारात. आपा आधी चिडल्या, "सांगून तरी यायचं!" मग डोळे पुसत आत गेल्या. त्यांचे मालक, रफिकभाई, गॅरेज बंद करून घरीच होते. त्यांनी सतरंजी अंथरली, चहा टाकला. कोपऱ्यात खाटेवर अम्मा. उशीला टेकून बसलेल्या, अंग अजून एका बाजूला कललेलं, पण बोलणं परत आलं होतं. थोडं बोबडं, पण जोर पहिल्यासारखाच.

रफिकभाई म्हणाले, "डॉक्टर म्हणालेते, त्यांच्यासंगं बोलत राव्हा. मग ही रोज तेल चोळताना त्यास्नी रेहानाची गोष्ट सांगायची. आता अम्मा ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकांस्नी तीच गोष्ट सांगत्यात!"

बैठक सुरू झाली. दत्तानं वाचलं, गल्ली गोळा झाली. संभाजीनं वाचलं. मॅडमनी वाचलं. आपा खाटेपाशी बसून ब्लाऊजला हात-शिलाई घालत होत्या. चकार शब्द नाही.

अम्मा म्हणाल्या, "माझी सून बोलंना का?"

संभाजीनं नियम सांगितला. अम्मांनी जरा विचार केला. "मला लिवाय येत न्हाय. तोंडानं सांगिटलं तर चालतंय?"

"चालतंय की!" आम्ही सगळेच म्हणालो.

अम्मांनी बरा हात पदरावरून फिरवला आणि सुरू केलं. "रेहाना स्टँडावर हुबी हाय. हातात पिशवी. ऊन लई. मग बस आली. लाल बस. कंडक्टर म्हणाला, चढ बाई. रेहानानं पायरीवर पाय ठिवला…"

आपांची सुई थांबलेली.

"…आणि तिला घरची याद आली. सासूची याद आली. पाय काढला, रिक्षा केली, आली घरला. सासूनं दार उघडलं. दोघी गळ्यात पडून रडल्या. झाली गोष्ट!"

रफिकभाईंनी मान डोलावली. दत्ता 'वा' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात ब्लाऊज जमिनीवर आपटला.

"अम्मा! न्हाय!" आपा उभ्या राहिल्या होत्या. चेहरा लाल, आवाज दत्ताच्या वरचा. "ती परत येत न्हाय! ती बसमध्ये बसती! खिडकीपाशी बसती, आणि बस सुटती!"

नियम करणारीनंच नियम मोडला होता.

अम्मांनी सावकाश मान वळवून सुनेकडं बघितलं.

"कुठं लिवलंय तसं?"

आपांनी खाली पडलेला ब्लाऊज उचलला.

"मग लिव की! तू लिवस्तवर माझंच खरं!"