खवल्या मांजराचा फ्लेक्स

आमच्या चौकातला हा फोटोवाला पोटासाठी लग्नाचे फोटो काढतो, पण त्याचा खरा जीव आजऱ्याच्या रानातल्या खवल्या मांजरावर. अंगावरच्या खवल्यांसाठी हे जनावर चोरून मारतात. म्हणून त्याचा फोटो बघून कुणी "कुठं दिसलं?" विचारलं की हा चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगतो, "रंकाळ्यावर, पावणं. तळ्याकाठच्या भेळेच्या गाडीपाशी." आणि चहाचा कप उलटा ठेवतो. म्हणजे विषय संपला.

गेल्या साली तो माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला. आमच्या पुढाऱ्याचा, म्हणजे भाऊंचा, वाढदिवसाला लागतो तसाच फ्लेक्स त्याला हवा होता. भाऊंच्या जागी खवल्या मांजर, त्याखाली 'ह्याला हात लावाल तर गाठ माझ्याशी', आणि शुभेच्छुकांच्या रांगेत हा एकटा.

फ्लेक्स चौकात लागला तशी भाऊंची माणसं आली.

"ही जागा भाऊंची हाय. उतरव."

"भाऊंचा वाढदिवस दरसाल येतोय की," तो म्हणाला. "हे गेलं तर परत येणार न्हाय."

त्यांनी फ्लेक्स टराटरा फाडला.

सकाळी त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर आपटला. "परत काढ, मर्दा. दुप्पट काढ."

मी काढला. शुभेच्छुकांत, त्याच्या शेजारी, न विचारता माझाही फोटो टाकला.

तो बघतच राहिला. "आता तुझ्याबी दारात येत्याल की."

"येऊ देत," मी म्हटलं. "शिडी धर."